गावाची ठेव आणि शाळेतील हिशेब

पोंभुर्णा तालुका वैनगंगा व अंधारी या नद्यांच्या आसऱ्याने वसलेला आहे. तेथील बहुतेक गावांचा संसार तीन गोष्टींवर चालतो: धानाच्या बांध्या, बांध्यांच्या वरच्या अंगाचा तलाव अथवा बोडी, आणि त्यापलीकडील जंगल. बांधी ज्याची त्याची असते. तलाव व जंगल मात्र कोणा एकाचे नसते. म्हणून ते सर्वांचे की कोणाचेच नाही, हा प्रश्न गावापुढे वारंवार उभा राहतो. गावसुधारणेचा विषय निघाला म्हणजे रस्ता, सभामंडप, प्रवेशद्वार यांची आठवण प्रथम होते. ही कामे निरुपयोगी आहेत असे नव्हे (प्रवेशद्वाराविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे). परंतु ज्या ठेवीवर गाव जगते, तिच्यात गावाने काय घातले व तिच्यातून काय काढले, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

पूर्व विदर्भातील जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. पाळीवर माती टाकणे, नहर मोकळे करणे ही कामे गावकऱ्यांच्या श्रमातून होत. ती व्यवस्था न्यायाची होती असे म्हणता येणार नाही. तीत वेठीचा अंश होता, आणि १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली हे इष्टच झाले. तलाव शासनाचे झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर शंभर हेक्टरांपर्यंत ओलीत करणारे लहान तलाव त्यांच्याकडे आले. तथापि मालगुजाराबरोबर दरवर्षी पाळीवर माती टाकण्याची रीतही गेली. तलावावरचा हक्क लोकांच्या स्मरणात राहिला, कर्तव्य विस्मरणात गेले. कित्येक तलावांत गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव तेवढे उरले.

गाळ म्हणजे काय, हे सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. समजा, एका बोडीचे क्षेत्र दोन हेक्टर आहे, म्हणजे वीस हजार चौरस मीटर. तिच्यातून तीस सेंटिमीटर जाडीचा गाळ काढला, तर सहा हजार घनमीटर, म्हणजे साठ लक्ष लिटर पाण्यास नवी जागा होते. एक हेक्टर धानाला दहा सेंटिमीटर उंचीचे एक पाणी द्यावयाचे तर एक हजार घनमीटर लागते. वाटेत मुरणारे व उन्हाने उडणारे पाणी वजा घातले, तरी चार-पाच हेक्टरांची सोय होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस परततो आणि धान लोंबीवर असते. त्या वेळचे एक पाणी चुकले तर वर्षाची मेहनत पळंजीत जाते. काढलेला गाळ बांध्यांत गेला तर जमीनही सुधारते. बोडी आपल्याच गावची असेल, तर घनफळाचे हे उदाहरण मुले सहसा विसरत नाहीत.

जंगलाच्या बाबतीत गावाने आपली ठेव कशी सांभाळावी, याचे उदाहरण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. तेथील ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट बसतो. श्री. देवाजी तोफा व कै. मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यास लागणारा वाहतूक परवाना हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, कायदा येण्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ हे गाव एकत्र बसण्याची सवय जोपासत होते. गावकरी आपल्या मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकीत आले. हक्काचा कागद आला, तेव्हा तो पेलणारी ग्रामसभा आधीपासून उभी होती.

पोंभुर्ण्यास अधिक जवळचे उदाहरण गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे. त्यास २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला व ग्रामसभा स्वतः बांबूची तोड आणि विक्री करू लागली. या गावाचा एक निर्णय विशेष विचार करण्यासारखा आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हाळ्याच्या दिवसांत रोख पैसा घरात येतो. पण कोवळ्या पानासाठी फांद्या छाटल्या जातात, पुष्कळदा जंगलाला आग लावली जाते, आणि त्या आगीत रोपे व बी जळून जाते. पाचगावने तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले. हातचे उत्पन्न सोडणे हीसुद्धा एक गुंतवणूकच आहे, आणि ती करणे श्रमदानाहून कठीण.

बांबूचा व्यवहार मुलांना मुद्दल आणि व्याजाच्या भाषेत समजावून देता येतो. पावसाळ्यात रांजीतून वास्ते फुटतात. चालू व गेल्या वर्षीचे बांबू राखून त्याहून जुने तेवढे काढले, तर रांजी वर्षानुवर्षे देत राहते. जुने बांबू हे व्याज. कोवळे बांबू आणि जमिनीतील कंद हे मुद्दल. सगळी रांजी एकदम कापली तर त्या वर्षी रक्कम मोठी दिसते.

आता शिक्षकांविषयी. गावात चांगले अक्षर व आकडेमोड जाणणारा माणूस म्हणून ग्रामसभेची वही पुष्कळदा गुरुजींकडे वा बाईंकडे येते. त्यांनी ती प्रेमाने परत करावी हे बरे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक काम शिक्षकांवर सोपविण्यास मनाई केली आहे, हे कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण बदली हे आहे. शिक्षकाची बदली झाली की वही कोणाला कळत नाही, आणि न कळणारी वही ज्याच्या घरी राहते त्याचेच गावात चालू लागते. लाखाचा बांबू विकून त्याचा हिशेब चौघांनाच उमगत असेल, तर मालगुजार दुसऱ्या नावाने परत आला असे समजावे.

यास्तव वही लिहिण्याऐवजी वही वाचणारे घडवावेत. जमा, खर्च व शिल्लक हे तीन रकाने पाचवीच्या मुलास समजतात. ग्रामसभेने भिंतीवर लावलेला हिशेब मुलांनी वर्गात उतरवून घ्यावा, बेरीज पडताळावी आणि घरी आई-वडिलांना वाचून दाखवावा. जेथे घरची भाषा गोंडी आहे तेथे गोंडीत सांगावा. बेरीज चुकलेली आढळली तर मुलांकरवी ती चव्हाट्यावर मांडू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात, त्यांना ती दाखवावी. त्यांनी ती ग्रामसभेत विचारावी.

तलावाच्या पाळीजवळ एक मोजपट्टी रंगवून रोवणीपासून दर सोमवारी मुलांनी पाण्याची उंची नोंदविली, तर दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत दहा-बारा नोंदी होतात. शेवटचे पाणी कोणाच्या बांधीला आधी द्यावयाचे, हा वाद त्याच सुमारास निघतो. त्या सभेत नोंदींचा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा.