मिरवायचं शिरस्त्राण

गेममधल्या व्हायकिंगच्या डोक्यावर शिंगं असणार, हे ठरलेलंच. नेम धरून त्यातल्या एका शिंगावर गोळी झाडून बघा. बहुतेक खेळांत ती आरपार जाते. प्रत्येक पात्राभोवती डोळ्यांना न दिसणारे ठोकळे असतात, त्यांना 'हिटबॉक्स' म्हणतात. गोळी लागली की हुकली, हे त्या ठोकळ्यांवरून ठरतं. शिरस्त्राण डोक्याला नुसतं जोडलेलं असतं. मान वळली की तेही वळतं, एवढंच त्याचं काम. त्यानं जीव वाचत नाही, वेगही वाढत नाही. गेमर मंडळी अशा वस्तूला 'कॉस्मेटिक' म्हणतात आणि तिच्यासाठी खरे पैसे मोजतात.

खरे व्हायकिंग शिंगं मिरवत नव्हते. नॉर्वेतल्या येर्मुंडबूला १९४३ मध्ये दहाव्या शतकातलं लोखंडी शिरस्त्राण तुकड्यातुकड्यांत सापडलं. गोल टोप, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, बस्स. ते शहाणपणाचंच, शिंगं म्हणजे शत्रूच्या कुऱ्हाडीला आयती खुंटी! डेन्मार्कमध्ये व्हेक्सोला शिंगं असलेली कांस्य शिरस्त्राणं मिळाली खरी, पण ती व्हायकिंगांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची, आणि तीही बहुधा विधींपुरती.

शिंगं व्हायकिंगांच्या माथी पक्की बसवली ती रंगभूमीनं. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या 'रिंग' ऑपेराचे प्रयोग झाले, तेव्हा वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लर यांनी काही पात्रांना शिंगांचे टोप चढवले. पार मागच्या रांगेतूनही माणूस उठून दिसावा, ही नाटकाची गरज. गेमची गरजही तीच. त्यामुळे गेमवाल्यांनी इतिहासाची वाट लावली, ही तक्रार मला फारशी पटत नाही. हे शिरस्त्राण मुळातच मिरवायचं आहे.

मिरवण्याचा बाजार कुठवर जातो, ते 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये दिसलं. २००७ चा हा खेळ. त्यातली नऊ पात्रं लांबून नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू यावीत, अशी बेतलेली. २००९ मध्ये टोप्या आल्या, २०१० मध्ये दुकान आणि खेळाडूंमधली देवघेव. टोपी जितकी दुर्मीळ, तितका भाव. पुढे ग्रीसचे अर्थमंत्री झालेले यानिस वारुफाकिस यांना हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१२ मध्ये अशा बाजारांच्या अभ्यासासाठी नेमलं होतं! जुलै २०१९ मध्ये एका बिघाडामुळे खेळातल्या काही जुन्या बक्षीस-पेट्यांतून दुर्मीळ टोप्या हमखास निघू लागल्या आणि भाव धाडकन कोसळले.

आपल्याकडे 'बीजीएमआय' हा मोबाइल गेम खेळणारी मुलं स्किनसाठी, म्हणजे पात्राच्या नव्या वेशासाठी, 'यूसी' हे खेळातलं चलन मागतात, तेव्हा रागावण्याआधी खेळाच्या अटी त्यांच्यासोबत वाचा. सहसा विकत मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. खेळ बंद पडला, की शिरस्त्राणही गेलं.