७.६ नंतरचे दहा महिने

२९ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडास्पर्धांची ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी रंगात आली होती. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा, असा हा प्रकार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता. उभ्या स्थितीतल्या मोजक्या गोळ्या उरल्या होत्या. त्यातली एक ७.६ वर गेली आणि हातात आल्यासारखं वाटणारं पदक गेलं. स्वप्नील चौथा आला. रौप्यपदक त्याच्याच संघातल्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरला मिळालं. ऐश्वर्य मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याचा, रतनपूर गावचा. त्याच दिवशी दोघांनी अखिल शेरॉनच्या साथीनं सांघिक सुवर्ण जिंकलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती ती एक गोळी.

७.६ म्हणजे चूक केवढी? या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. ७.६ ची गोळी केंद्रापासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास सरकलेली असते, तीही ५० मीटर अंतरावर, आठ किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्यानं पेलून. श्वास जरा लवकर सुटला, बोट जरा घाईनं आवळलं, की एवढा फरक सहज पडतो. अशा गोळीचं कारण बरेचदा हातात सापडत नाही, मनात सापडतं. आणि मनाचं कुणी विचारत नाही. ‘दडपणाखाली ढेपाळला’ एवढं म्हणून लोक मोकळे होतात.

स्वप्नीलच्या वाट्याला चौथं स्थान पहिल्यांदा आलं नव्हतं. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच आला होता. त्या कामगिरीनं भारताला ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला, तरी पदक नव्हतंच. पुढे पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत स्वप्नीलनं ६०० पैकी ५९० गुण मिळवले आणि सातवा येऊन तो अंतिम फेरीत गेला. ऐश्वर्यचे ५८९ झाले. त्या एका गुणानं तो अकराव्या स्थानावर, अंतिम फेरीच्या बाहेर राहिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूच्या नेमबाजी केंद्रात स्वप्नील गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर सहावा होता, झोपून मारलेल्या गोळ्यांनंतर पाचवा आणि शेवटी तिसरा. ४५१.४ गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्या सकाळी पोटात कालवाकालव होत होती, काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता आणि गुणफलकाकडे पाहिलंच नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

या सांगण्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. भीती गेली नव्हती. पोटातला गोळा शातोरूलाही होता. त्या गोळ्यासकट श्वासावर लक्ष ठेवून पुढची एकच गोळी मारायची, हे त्याला जमलं. मनाची तयारी म्हणजे भीती न वाटणं, अशी समजूत आपल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘घाबरतोस काय, वाघासारखा खेळ’ हे वाक्य ऐकलं नाही असा खेळाडू महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. त्या वाक्यानं घाबरलेला मुलगा शूर होत नाही. घाबरलोय हे लपवायला मात्र शिकतो.

त्या दहा महिन्यांत स्वप्नीलच्या मनात काय काय चाललं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. बाहेरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कुठल्याही निकालानंतर त्याच्या पायाखालची जमीन कुणी काढून घेतली नाही. २००९ साली तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी होती. आणि पाठीशी दीपाली देशपांडे होत्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात खेळलेल्या दीपालीताईंना त्या रेषेवर उभं राहिल्यावर तोंडाला कशी कोरड पडते, हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पदकानंतर स्वप्नीलनं त्यांना आपली दुसरी आई म्हटलं.

आता हेच जरा शास्त्राच्या अंगानं पाहू. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेला सिद्धांत आज जगभर क्रीडाप्रशिक्षणात वापरला जातो. माणूस एखादी गोष्ट मनापासून आणि टिकून करायला तीन गोष्टी लागतात: स्वतःच्या निर्णयात स्वतःचा काही वाटा, आपल्याला हे जमतंय असा अनुभव आणि आपल्या माणसांशी असलेलं नातं. प्रशिक्षक यांतलं एकही काढून घेत असेल, तर मुलगा भीतीनं काही काळ धावेल, पण एक दिवस खेळ सोडेल. गावोगावच्या क्रीडाशिक्षकांना हे अनुभवानं माहीत असतं. चौदा-पंधराव्या वर्षी, दहावीचं निमित्त सांगून, चांगला खेळणारा मुलगा मैदानावर यायचा थांबतो. दरवेळी कारण दहावीच असतं असं नाही.

आणि हा प्रश्न फक्त हरणाऱ्यांचा नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१९ साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं सहमतीचं निवेदन प्रसिद्ध केलं. त्या सुमारास झालेल्या संशोधनांच्या एकत्रित अभ्यासात, खेळत असलेल्या अव्वल खेळाडूंपैकी सुमारे ३४ टक्क्यांमध्ये चिंता किंवा नैराश्याची लक्षणं आढळली होती. नेमबाज अभिनव बिंद्रानं बीजिंगमध्ये २००८ साली भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. मनाची सगळ्यांत मोठी पडझड त्या विजयानंतर झाली, हे त्यानं जाहीरपणे सांगितलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिमनॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. हवेत असताना शरीराचा अंदाजच हरवत असेल, तर पुढची उडी मानेवर बेतू शकते, हे टीकाकारांच्या गावीही नव्हतं. तीच बाइल्स पॅरिसहून तीन सुवर्णपदकं घेऊन परतली.

महाराष्ट्रात खेळाडूंचं मन घडवण्याचं काम फार आधी एका माणसानं हाती घेतलं होतं. नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, स्वतः नेमबाजीत रमलेले. पतंजलीच्या योगसूत्रांचा आणि क्रीडामानसशास्त्राचा मेळ घालून त्यांनी नेमबाजांपासून धावपटूंपर्यंत आणि राहुल द्रविडसारख्या क्रिकेटपटूपर्यंत अनेकांना शिकवलं. एकाग्रता ही जन्मजात देणगी नसून रोजच्या सरावाचा भाग आहे, हे त्यांच्या शिकवणीचं सार होतं. २०१७ साली ते गेले. त्यांच्यानंतर प्रत्येक जिल्ह्यात असा एकेक माणूस उभा राहायला हवा होता. तो राहिला नाही, आणि याची खंत आपल्या क्रीडा संघटनांना फारशी वाटलेली दिसत नाही.

मध्य प्रदेशातल्या माळव्यात या विषयाची दुसरी, कडक शिस्तीची, बाजू दिसते, आणि तिथंही मुख्य माणूस मराठीच आहे. चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांच्या हाताखालून निघालेला मुंबईचा यष्टिरक्षक, भारताकडून पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेला. कारकीर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळले आणि १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात कर्णाटकाविरुद्ध बंगळुरूला कर्णधार म्हणून उतरले. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. चौथ्या डावात २४७ हव्या होत्या. विजय भारद्वाजनं २४ धावांत सहा बळी घेतले आणि मध्य प्रदेश १५० वर आटोपला. २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच चिन्नास्वामी मैदानावर पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं. सी. के. नायडूंच्या काळातल्या होळकर संघानं चार वेळा हा करंडक इंदूरला आणला होता. त्यातला शेवटचा १९५२-५३ चा. म्हणजे माळव्यानं जवळपास ७० वर्षं वाट पाहिली होती. सामना संपल्यावर एरवी कठोर म्हणून ओळखले जाणारे पंडित मैदानावरच रडले.

पंडितांची शिस्त प्रसिद्ध आहे. मुंबई आणि विदर्भ हे त्यांच्या हाताखाली रणजी जिंकलेले संघही त्याची साक्ष देतील. पण आयपीएलमध्ये कोलकात्याचे प्रशिक्षक असताना त्यांची लष्करी थाटाची पद्धत परदेशी खेळाडूंना जाचक वाटली, असं नामिबियाच्या डेव्हिड वीझनं उघडपणे सांगितलं. कोलकात्यानं २०२४ चा करंडकही पंडित प्रशिक्षक असतानाच जिंकला. मग खरं काय? दोन्ही खरं आहे. कडक शिस्त आणि काळजी यांचं वैर नाही. ज्या माणसानं २३ वर्षं तीच हार उराशी बाळगली, त्याचा कडकपणा मध्य प्रदेशाच्या पोरांनी आपला मानला. वर्षातले दोन महिने एकत्र येणाऱ्या संघात तेच नातं जुळायला वेळ नसतो. चूक होते ती पुढे. पंडितांचा करंडक पाहून गावातला प्रशिक्षक त्यांचा फक्त आवाज उचलतो आणि बारा वर्षांच्या मुलावर चढवतो. करार करून मानधन घेणारा प्रौढ क्रिकेटपटू आणि सहावीतला मुलगा यांना एकाच मापानं मोजणं हा अन्याय आहे.

त्या मुलाला कसं शिकवायचं, हे पाहायला माळव्याबाहेर जायला नको. उज्जैन माळव्यातच आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब माळव्यात असा रुजला, की २०१३ साली मध्य प्रदेशानं त्याला राज्यखेळाचा दर्जा दिला. उज्जैनचे योगेश मालवीय हे मल्लखांबासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले प्रशिक्षक. मल्लखांबाच्या कुठल्याही चांगल्या आखाड्यात नव्या मुलाकडे नीट पाहावं. एरंडेल लावलेला गुळगुळीत लाकडी खांब, खाली गादी. मुलगा पहिल्यांदा उलटा होतो, पायांची पकड घेतो आणि हात सोडायची वेळ येते तेव्हा थिजतो. वस्ताद ओरडत नाहीत. ते हात पुढे करतात, मुलाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, न टेकवता. मुलगा हात सोडतो. पुढच्या वेळी ते हात थोडे लांब असतात, मग आणखी लांब. बोंडावर आसन करणारं पोर कधीतरी असंच शिकलेलं असतं. डेसी आणि रायननी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्या वीतभर अंतरात आहेत: हात सोडायचा निर्णय मुलाचा, जमल्याचा अनुभव मुलाचा, आणि पडलो तर सर आहेत हा भरवसा.

माळव्यातल्याच देवास जिल्ह्यात, सोनकच्छ तालुक्यात पीपलरावां नावाचं छोटं गाव आहे, नगर परिषद असलेलं.   पीपलरावांसारख्या गावात क्रीडामानसशास्त्रज्ञ येणार नाही, निदान येत्या काही वर्षांत तरी नाही. तिथं मुलाच्या मनाचा डॉक्टर, सल्लागार, वडीलधारा, सगळं काही शाळेतले पीटीचे सर किंवा आखाड्याचे वस्तादच असतात. म्हणून या विषयाची खरी गरज राष्ट्रीय शिबिरांपेक्षा अशा गावांना जास्त आहे. त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. संघनिवडीची यादी फळ्यावर चिकटवून निघून न जाता, वगळलेल्या मुलाला बाजूला घेऊन कारण सांगावं आणि पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ते ठरवून द्यावं. सामना हरल्यावर त्या संध्याकाळी भाषण देऊ नये. दुसऱ्या दिवशी, जेवून-झोपून आल्यावर, ‘काल तुला काय जाणवलं?’ असं विचारून मुलाला आधी बोलू द्यावं. मुलीच्या वजनावर सगळ्यांसमोर शेरे मारू नयेत. दुखापत झालेल्या मुलाला घरी बसवू नये. गुण लिहायला, लहानांना शिकवायला मैदानावरच ठेवावं, म्हणजे तो संघातून तुटत नाही. आणि मुलाची तक्रार प्रशिक्षकाबद्दलच असेल, तर ती ऐकणारं दुसरं एक माणूस शाळेत असलंच पाहिजे, हे मुख्याध्यापकांनी पाहावं.

यातून पदकंच येतील, असं कुणी सांगू नये. पॅरिसमध्ये भारताला सहा वेळा चौथ्या स्थानावर थांबावं लागलं. गावच्या मैदानावरची बहुतेक मुलं जिल्ह्यापलीकडे खेळणारच नाहीत. शेती करतील, दुकान चालवतील, नर्स होतील, शिक्षक होतील. हरल्यावर पुन्हा उभं राहण्याची, भीती वाटते हे मोकळेपणानं सांगण्याची सवय त्यांनाही हवीच आहे, आणि ती शिकवायला खेळाच्या मैदानाइतकी स्वस्त आणि चांगली जागा दुसरी नाही. तिथं कुणी ती शिकवत असेल तर.

दर उन्हाळ्यात शिबिरांचे फलक लागतात. पालकांनी फी भरण्याआधी प्रशिक्षकांना किती मुलं राज्यपातळीवर गेली एवढंच विचारू नये. दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी किती अजून खेळतात, आणि निवड न झालेल्या मुलाला तुम्ही ते कसं सांगता, हेही विचारावं. मुलगा किंवा मुलगी झोपत नसेल, जेवत नसेल, मैदानाचं नाव काढताच गप्प होत असेल, तर ते नखरे समजू नयेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र आपल्या भाषेत बोलते. हा क्रमांक प्रत्येक व्यायामशाळेच्या आणि आखाड्याच्या भिंतीवर, प्रशिक्षकांच्या नावाशेजारी, ठळक अक्षरात लिहिलेला असावा.