कांती हवी, की नुसता गोरेपणा?

लग्नसराई तोंडावर आली की घराघरांतून एकच धांदल उडते. मुलगी दाखवायची असते, नाहीतर धाकट्या नणंदेचं लग्न ठरलेलं असतं. मग कोणी दुधावरची साय सुचवतं, कोणी लिंबाचा रस, तर शेजारच्या वहिनी औषधांच्या दुकानातून एखादी ट्यूबच आणून देतात. "पंधरा दिवसांत फरक दिसेल, बघाच!" या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र विसरली जाते. त्वचा गोरी असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं.

आयुर्वेदाने हा फरक फार पूर्वीच ओळखला होता. चरकसंहितेत माणसाचे नैसर्गिक वर्ण सांगितले आहेत ते असे: कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. म्हणजे काळा, सावळा, उजळ सावळा आणि गोरा. यात पहिलं नाव काळ्या वर्णाचं आहे, बरं का! उलट अंगावर एकाएकी उमटणारा निळसर, तांबूस, हिरवट किंवा अस्वाभाविक पांढरा रंग, हे विकाराचे वर्ण मानले आहेत. सुश्रुतांनी त्वचेचे सात थर सांगितले. सर्वांत वरचा थर 'अवभासिनी', वर्ण प्रकट करणारा. त्याची जाडी भाताच्या दाण्याच्या अठराव्या भागाएवढी. इतक्या नाजूक पडद्यावर काय चोळायचं आणि काय नाही, याचा विचार नको का करायला?

आधी तेल, मग उटणे

आपल्याकडे अभ्यंगस्नान दिवाळीपुरतंच उरलं आहे. वाग्भटांनी मात्र ते रोजच्या दिनचर्येत घातलं आहे. तेल लावलेला घडा, चामडं आणि गाडीचा आस जसे टिकतात, तसं अंग टिकतं, असा दाखला चरकांनी दिला आहे.

"अहो, पण सकाळच्या डब्यांच्या गडबडीत एवढा वेळ कुठला?" असं तुम्ही म्हणाल. रोज नाही जमत, तर आठवड्यातून दोनदा करा. डोकं, कान आणि तळपाय यांना विसरू नका, असं वाग्भटांचं आवर्जून सांगणं आहे. थंडीत तिळाचं कोमट तेल, उन्हाळ्यात खोबरेल. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं आणि मग आंघोळ करावी. अजीर्ण किंवा सर्दी-पडसं असताना अभ्यंग करू नये. चेहऱ्यावर मुरमं असतील तर तिथे तेल नको. आणि तेलकट पायांनी मोरीत जाताना जपून!

उटणं घरी करणं अगदी सोपं आहे. मसुरीच्या डाळीचं बारीक पीठ पाव किलो. वाळा, नागरमोथा, आंबेहळद आणि वाळवलेली संत्र्याची साल यांची पूड प्रत्येकी दोन मोठे चमचे. सगळं वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरावं. त्वचा कोरडी असेल तर दुधात, तेलकट असेल तर पाण्यात कालवावं. हलक्या हाताने लावावं, खसखसून घासू नये. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दिवसभर पाहावं. खाज सुटली तर ते आपल्याला मानवत नाही असं समजावं.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. काही जणी उटण्यात बावची घालतात. बावची कोडावरचं जुनं औषध आहे, पण ती लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. ती वैद्यांच्या सल्ल्यानेच वापरावी. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यानेही फोड येतात आणि काळे डाग पडतात.

ट्यूबपासून सावध

'फेअर अँड लव्हली' हे क्रीम 1975 साली बाजारात आलं. 2020 साली त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला. पण मनातला गेला का? आजही झटपट उजळपणासाठी कित्येक जणी कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइड असलेलं मलम चेहऱ्याला लावतात. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, मुरमं उठतात, लव वाढते, आणि मलम सोडलं की आग आग होते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केले. काही बेनावाच्या क्रीममध्ये पारा असतो. तो मूत्रपिंडांना घातक ठरतो. डबीवर नुसतं 'आयुर्वेदिक' लिहिलेलं पाहून भुलू नका. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेप नको, डॉक्टर हवेत

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे टोचलेलं कळत नसेल, तर घरगुती लेपात एक दिवसही घालवू नका. ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. सरकारी दवाखान्यात त्यावरची औषधं मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो. कोड मात्र स्पर्शाने पसरत नाही. ते असलेल्या लेकीसुनेचं ताट-वाटी वेगळं ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

बाकी पुरेशी झोप, वेळच्या वेळी साधं जेवण आणि साफ पोट यांनी जी टवटवी येते, ती कुठल्याही डबीत मिळत नाही. बरणीत उटणं भरताना लेकीलाही जवळ बोलवा. ते तिचा रंग बदलायला नाही, तिची त्वचा निरोगी राहावी म्हणून आहे, हे तिला आईच्याच तोंडून कळू द्या.