टायरमध्ये हवा किती भरायची?



आमच्याकडे १९८७ सालची फोक्सवॅगन वेस्टफालिया कॅम्पर व्हॅन आहे. मागे इंजिन, आत छोटा ओटा आणि छप्पर उचलले की वर झोपायची सोय. जुलै २०२३ मध्ये ग्रँड कॅन्यनला जाताना बारस्टोच्या पुढे, भर दुपारी, मागचा उजवा टायर फुटला. गाडी डोलू लागली. मागे मुले बसलेली. ब्रेक न दाबता, स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरू दिला आणि कडेला थांबलो. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. चूक आमचीच होती. टायरची नक्षी नव्यासारखी दिसत होती, म्हणून त्याचे वय आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

टायरचे वय कसे ओळखायचे? टायरच्या बाजूवर 'डीओटी' ही अक्षरे असतात. त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. आमच्या टायरवर २४१२ होते. म्हणजे २०१२ सालचा २४ वा आठवडा. टायर अकरा वर्षांचा झाला होता! गाडी उभी असली तरी ऊन आणि हवा यांनी रबर कडक होत जाते. सहा वर्षांनंतर टायर बदलावेत, असे अनेक गाडी-कंपन्या सांगतात, तर दहा वर्षांपुढे वापरूच नयेत, असे अनेक टायर-कंपन्यांचे म्हणणे आहे.

आता थोडे गणित. टायर गाडीचे वजन पेलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. समजा, सामानासह व्हॅनचे वजन ५,००० पौंड आहे. म्हणजे प्रत्येक टायरवर १,२५० पौंड. हवा ५० पौंड असेल (म्हणजे दर चौरस इंचाला ५० पौंड दाब), तर रस्त्याला टेकणारा भाग साधारण १,२५० ÷ ५० = २५ चौरस इंच. हवा २५ पौंडच असेल, तर तोच भाग दुप्पट होईल. टायर प्रत्येक फेरीत जास्त दबेल, वाकेल आणि तापेल. तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच हे.

म्हणून चाकावर बसतो तो प्रत्येक टायर चालत नाही. टायरच्या मापापुढे भार-क्रमांक छापलेला असतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो. व्हॅनचे निम्मे वजन मागच्या दोन चाकांवर आले, तरी ते सुमारे १,१३४ किलो होते. ८८ चे दोन टायर पेलतील १,१२० किलो. म्हणजे आधीच कमी! ९७ चे दोन पेलतील १,४६० किलो. आम्ही आता ९७ चेच टायर घेतले आहेत.

हवा किती भरायची, ते गाडीवरच्या चिठ्ठीत किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. टायर मूळ प्रकारचे नसतील, तर टायर-कंपनीचा तक्ता पाहावा. त्यासाठी मोठ्या ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर, सामान भरून, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. तापमान १० अंश फॅरनहाइटने बदलले की दाब सुमारे १ पौंडाने बदलतो. प्रवासात टायर तापून दाब वाढतो, तेव्हा हवा सोडू नये. नव्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागतो. जुन्या व्हॅनमध्ये तो दिवा म्हणजे आपणच!

मुलांनो, या आठवड्यात एक गृहपाठ. घरच्या गाडीच्या टायरची जन्मतारीख शोधा. मग एक पेनी, लिंकनचे डोके खाली करून, नक्षीत घाला. डोके पूर्ण दिसले, तर टायर झिजला आहे. आईबाबांना लगेच सांगा, आणि पुढच्या रविवारी वर्गात सर्वांत म्हातारा टायर कोणाचा निघाला, ते आम्हालाही कळवा.