निखळलेला दात आणि पहिला तास

खेळताना मूल तोंडावर आपटतं आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर येतो. सगळे रक्त थांबवायला धावतात. दात कुणी कागदात गुंडाळतं, तर कुणी नळाखाली घासून धुतं. खरं तर हा दात पुन्हा बसू शकतो. पण कोरडं ठेवणं आणि घासणं या दोन्ही गोष्टी त्याच्या मुळावर उठतात.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. चावताना पडणारा दाब तोच झेलतो. दात निखळला की हा थर फाटतो. काही भाग खोबणीत राहतो, काही मुळावर. मुळावरच्या पेशी जिवंत असतील तर फाटलेला थर पुन्हा सांधला जातो. त्या मेल्या तर हाड मुळाला चिकटतं आणि हळूहळू मूळच झिजवतं. वाढत्या वयात असा दात शेजारच्या दातांच्या मागे पडतो, आखूड दिसू लागतो.

कोरड्या हवेत या पेशी जेमतेम तासभर तग धरतात. साध्या पाण्यात क्षार कमी असल्याने पाणी पेशींत शिरतं, त्या फुगून फुटतात. दुधातलं क्षारांचं प्रमाण त्यांना मानवतं, म्हणून थंड दुधात त्या जास्त वेळ टिकतात.

तेव्हा दात पांढऱ्या भागाला धरूनच उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळा. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच खोबणीत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दात दुधात बुडवून तडक दंतवैद्याकडे न्या. दूध नसेल तर मुलाची लाळ वाटीत घेऊन त्यात ठेवा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. डोक्याला मार असेल तर आधी रुग्णालय गाठा.

दंतवैद्य तो दात लवचीक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात. मुळाची वाढ पूर्ण झाली असेल तर रूट कॅनलही करावं लागतं. पण या उपचारांना यश येणार की नाही, हे बरंचसं दवाखान्याबाहेर ठरतं. म्हणून ही माहिती प्रत्येक क्रीडाशिक्षकाला आणि पालकाला आधीपासून असायला हवी.