रोगाचे मूळ शोधणारी विद्या

रोग्यास औषध देणे हे वैद्याचे काम; रोग ज्या पाण्यातून वा हवेतून उपजला त्याचा माग काढणे ही निराळी विद्या. तिच्या अभावाची किंमत गोव्याने पूर्वीच मोजली आहे. साथींनी जुने गोवे उजाड केले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. आदल्याच वर्षी येथे वैद्यकीय विद्यालय निघाले होते. मुक्तीनंतर, १९६३ साली, त्याचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले.

डिचोली तालुक्यात शिरगावसारख्या गावांनी खाणींपायी विहिरी आटताना पाहिल्या, खनिजाची धूळ सोसली. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली. पठारात मुरलेल्या पावसावरच पायथ्याचे झरे जगतात, याचा विसर पडून चालणार नाही. येथे पाणी तपासणारी, धूळ मोजणारी, वेळीच धोका सांगणारी माणसे हवीत.

म्हणून सार्वजनिक व पर्यावरणीय आरोग्याच्या पदवीकडे वळणाऱ्या तरुणांचे आम्ही स्वागत करतो. परंतु शिकून आल्यावर त्यांना आपल्याच तालुक्यात जागा आणि खरा अहवाल निर्भयपणे लिहिण्याची मुभा मिळणार काय? तेवढी हमी सरकारने आधी द्यावी, अशी आमची मागणी आहे.