सोसायटीच्या कचेरीतले तीन संगणक



भाद्रपद सरत आला आहे, स्ट्रॉबेरीची रोपे लावायची घाई आहे, आणि तुम्ही पीककर्जासाठी पाचगणीच्या आसपासच्या एखाद्या विकास सोसायटीत गेलात असे समजा. गटसचिव म्हणतात, "तुमचं खातं आतल्या संगणकावर आहे, आणि तो चालवणारे आज रजेवर. उद्या या." कचेरीत संगणक तीन, पण तिघांची तोंडे तीन दिशांना! हे तिन्ही तारेने जोडले की खाते कोणत्याही टेबलावरून पाहता येते. या जोडणीला नेटवर्क म्हणतात. संस्थेचे तुम्ही सभासद, म्हणजे मालकच. तेव्हा हे काम कसे होते ते तुम्हालाही ठाऊक असावे.

ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे १९९८ मध्ये संगणकांनी जोडण्याचे काम सुरू झाले. उसाच्या वजनाची माहिती गावातच मिळू लागली, कारखान्यावरचे हेलपाटे वाचले. पुढे तिथल्याच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर हे काम करून पाहिले गेले, आणि तेही जमले. तेव्हा भारी यंत्र हवेच असे नाही. आता केंद्र सरकारनेही जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आहे. पण कचेरीच्या आतली तार नीट नसेल तर वरची योजना काय करणार?

सामान थोडेच लागते. आठ तोंडांची एक डबी असते, तिला स्विच म्हणतात. दिव्याचे बटण नव्हे. मुख्य पाटातून दांड फुटावेत तशी या डबीतून प्रत्येक संगणकाला एकेक केबल जाते, एक प्रिंटरला आणि एक इंटरनेटच्या राउटरला. केबल 'कॅट सहा' जातीची घ्यावी. तिच्यात आठ बारीक तारा असतात. टोकाला पिन बसवताना रंगांचा क्रम असा ठेवावा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत राहावी, आणि ती विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नये.

"बिनतारी वायफाय असताना तार कशाला?" असे कोणी विचारील. आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, जाडजूड. लहरी त्यात अडकतात. हिशेबाच्या कामाला तारच बरी.

पाचगणीच्या पावसाची गोष्ट वेगळीच. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर स्विच लावू नये; आतल्या भिंतीवर, उंचावर लावावा. कचेरीतून गोदामापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून ओढली, तर वळवाच्या विजेचा झटका तिच्यातून थेट यंत्रात शिरू शकतो. तिथे काचेच्या तंतूची केबल घालावी; ती वीज वाहून नेत नाही. इमारतीला चांगले अर्थिंग हवे आणि यंत्रांना यूपीएस.

जोडणी झाली की खरे काम सुरू होते. खतावणी एकाच मुख्य संगणकावर ठेवावी. बाकीच्यांनी तारेवरून तीच उघडावी. तीन जागी तीन प्रती झाल्या की शिल्लक जुळत नाही. मुख्य संगणकाला आणि प्रिंटरला कायमचा क्रमांक द्यावा, घराला असतो तसा. तो बदलत राहिला की छपाई मध्येच बंद पडते आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला मिळतो. प्रत्येक कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द वेगळा असावा. सगळ्यांचा एकच शब्द असला, तर नोंद कोणी बदलली हे कळायला मार्ग राहत नाही, आणि त्या नोंदीत तुमचे कर्ज असते.

शेवटी नक्कल. रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत सुट्या डिस्कवर घ्यावी आणि ती कचेरीबाहेर ठेवावी. डिस्क त्याच कपाटात राहिली, तर आग नि चोरी दोन्हींत बरोबरच जाते.

संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. चहा येण्याआधी उभे राहून विचारा: ही डिस्क कोणाकडे असते, आणि ती शेवटची उघडून कधी पाहिली?